काळ्या कातळाखाली

श्रोतेहो, कवितेत दगडाला फारसा मान नाही. उर्दू शायरीत निष्ठुर प्रेयसी ‘संगदिल’ ठरते आणि मराठीत ज्याला पाझर फुटत नाही, तो दगड! मी दोन्ही भाषांत वाढलो. दगडाची ही निंदा दोन्हीकडून ऐकली. भूवैज्ञानिकांना विचाराल तर ते मात्र सांगतील, की सोसलेले सगळे जपून ठेवावे ते दगडानेच.

आपला सह्याद्री, आपला मराठवाडा काळ्या बेसॉल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा. आपण त्यालाच पाया समजतो. पण ते पांघरूण आहे. पाया त्याच्या खाली आहे. तो ग्रॅनाइटचा आणि पट्टेदार नाइस खडकाचा, अब्जावधी वर्षांचा. नांदेड जिल्ह्यात देगलूरकडे पांघरूण संपते आणि हा पाया उघडा दिसतो. किल्लारीला तो सुमारे ३४० मीटर खाली आहे. कोयनेजवळ गोठणे येथे २०१७ साली तीन किलोमीटर खोल विंधनविहीर पूर्ण झाली. तिथे तो सव्वा किलोमीटरनंतर लागला.

एवढे खोल जायचे कशासाठी? ११ डिसेंबर १९६७ला कोयना हादरली, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी. दोन्ही धक्क्यांचे मूळ या जुन्या पायात होते.

विंधनातून दगडाच्या गोल कांड्या वर येतात. त्यांचा काप काचेवर चिकटवून कागदापेक्षा पातळ होईपर्यंत घासतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली गारगोटी, फेल्डस्पार, अभ्रक वेगवेगळे ओळखू येतात. खनिजांचे पट्टे दबले-वळलेले असतील, तर खडक कोणत्या दाबातून गेला ते कळते. अभ्रकाचे हिरवट क्लोराइट झाले असेल, भेगेत कॅल्साइटची पांढरी शीर भरली असेल, तर तिथून कधीकाळी पाणी फिरले होते. भेगेच्या अंगावरचे ओरखडे दोन बाजू कोणत्या दिशेने घसरल्या ते सांगतात.

या जुन्या भेगाच महत्त्वाच्या. कोयनेच्या जलाशयातल्या पाण्याचा दाब अशा भेगांतून खोलवर पोचतो आणि आधीच ताणाखाली असलेला खडक सरकतो, असे अभ्यासक मानतात. १९६२ साली पाणी साठू लागल्यानंतर तिथले धक्के वाढले, ते आजही थांबलेले नाहीत.

श्रोतेहो, पुढचा धक्का कोणत्या दिवशी येईल, हे दगड सांगत नाही. पाया अखंड नाही, एवढे मात्र तो बजावून सांगतो. किल्लारीत हजारो माणसे गेली, ती दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे झोपेत अंगावर कोसळून. म्हणून घर बांधताना चारही भिंतींना बांधून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा विसरू नका. जमिनीखालची भेग बुजवणे आपल्या हाती नाही. भिंतीचे कोपरे पक्के सांधणे आहे.