रिकामी फेरी



आमच्या नामपूर गावात फटफटी नसलेले घर शोधायला गेलात तर पुष्कळ हिंडावे लागेल. पण कामाशिवाय फटफटी बाहेर काढणारा माणूस शोधायला गेलात तर त्याहूनही अधिक हिंडाल. सकाळी तिच्यावर दुधाचे कॅन असतात, दुपारी घासाचे भारे, संध्याकाळी औषधफवारणीचा पंप नाही तर कांद्याच्या गोण्या. मधल्या वेळात म्हाताऱ्या आईला सटाण्याला डॉक्टरकडे न्यायचे आणि मुलीला एस.टी.वर सोडायचे. बैलाला निदान पोळ्याची सुट्टी असते. फटफटीला दसऱ्याला हार घालतात आणि त्याच हारासकट तिच्यावर खताचे पोते टाकतात!

अशा गावात मी, महाविद्यालयात शिकविणारा, चाळिशी ओलांडलेला गृहस्थ, मार्गशीर्ष-पौषातल्या रविवारी सकाळी नुसता हिंडायला निघतो, ही गोष्ट लपून राहत नाही. वेशीपाशी शेकोटी करून बसलेली मंडळी आमच्या अहिराणीत विचारतात, "कथा चालनात सर?" कोठे निघालात? पहिली एक-दोन वर्षे मी या प्रश्नाला घाबरून काही ना काही काम सांगत असे. एकदा 'ताहाराबादला शेव घ्यायला' असे तोंडातून निघून गेले, आणि ते खरे करण्यासाठी अर्धा किलो शेव घेऊन परत यावे लागले. नामपूरला शेव मिळत नाही की काय, हा प्रश्न मग घरातून आला.

आता मात्र मी सरळ सांगतो, "काही काम नाही. चक्कर मारून येतो."

ही चक्कर फार मोठी नाही. नामपूरहून जायखेड्यावरून ताहाराबाद वीसेक किलोमीटर. जायचे, एक चहा घ्यायचा, परत यायचे. लडाखला जाणारे तरुण मी पाहतो, त्यांचे सामानच माझ्या फटफटीपेक्षा जड असते. त्यांच्याशी माझी स्पर्धा नाही. दीड तासात घरी येऊन मला उत्तरपत्रिका तपासायच्या असतात.

हा रस्ता मोसम नदीच्या खोऱ्यातून पश्चिमेकडे, म्हणजे नदीच्या उगमाकडे जातो. सह्याद्रीतून निघून हरणबारी धरणात अडलेली ही मोसम नामपूरवरून पुढे मालेगावला गिरणेला मिळते. पश्चिमेला जायचे असल्यामुळे सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो. डोळ्यांवर ऊन नाही, आणि समोरचे सगळे उजळत जाणारे. बाजारसमितीकडे निघालेले लाल कांद्याचे ट्रॅक्टर समोरून येतात. छोट्या गाडीत दाटीवाटीने बसून उन्हाळ कांद्याच्या लावणीला निघालेल्या बाया दिसतात. नाकापर्यंत पदर, कानाला रुमाल. थोड्या वेळाने या ओल्या वाफ्यात वाकून रोपे लावणार असतात. त्यांच्या बोटांना ती सकाळ कशी लागत असेल, हे हातमोजे घातलेल्या माणसाने न बोलावे हेच बरे.

हिवाळ्यातल्या या प्रवासाचे खरे सुख अंगाला समजते. मोटारीत बसलेल्या माणसाला बाहेर थंडी आहे एवढेच कळते. फटफटीवरल्या माणसाला थंडी कोठे आहे ते कळते. आपण उंचवट्यावरून चाललेले असतो, हवा सोसवण्यासारखी असते. मग रस्ता एखाद्या ओढ्याच्या फरशीकडे उतरतो आणि पन्नास पावलांच्या आत गुडघे गार पडतात. जणू कोणी थंड पाण्याच्या हौदात उतरविले. फरशी ओलांडून वर चढलो की पुन्हा ऊब. हा भास नव्हे. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते. तिच्या लगतची हवा गार होते. गार हवा जड, म्हणून ती पाण्यासारखी उताराने वाहत जाऊन खोलगट जागी साचते. शिक्षक बंधुभगिनींना माझी एक सूचना आहे. दोन तापमापक मिळवा. एक ओढ्याकाठी टांगा, एक शाळेमागच्या टेकाडावर, आणि सूर्योदयाच्या सुमाराला मुलांना वाचायला लावा. पुस्तकातला अर्धा धडा तेथेच होईल.

वेग किती ठेवावा? चाळीस. त्याच्या वर गेले की मौज संपते आणि नुसता वारा उरतो. आपल्या अंगाभोवती आपल्याच उबेचा एक पातळ थर असतो, वारा तो ओरबाडून नेतो. पारा दहा अंशांवर असेल तर ताशी चाळीस किलोमीटरच्या वाऱ्यात अंगाला सहा अंशांची थंडी लागते. यावर जुन्या माणसांचा उपाय म्हणजे स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी. माझे वडील राजदूत चालवीत, तेव्हापासून आमच्या घरी आदल्या दिवशीचे वर्तमानपत्र हिवाळ्यात रद्दीत जात नसे. ती राजदूत थंडीत किकेला दाद देत नसे. वडील घामाघूम होत, आणि ती सुरू होईपर्यंत त्यांना स्वेटरची गरज उरत नसे. पुढे १९८५ साली शंभर सी.सी.ची हीरो होंडा निघाली. थोड्या पेट्रोलात ती लांब जाई, आणि फटफटी ही पाटलाच्या वाड्यातून निघून सालदाराच्या ओट्यापर्यंत आली. माझीही शंभराचीच आहे. तिच्या इंजिनाची ऊब पायांना लागते, हा हिवाळ्यातला जास्तीचा नफा.

हे सगळे मी मोठ्या आनंदाने सांगतो आहे. पण गेल्या डिसेंबरात याच रस्त्यावर मला थोडे ओशाळे व्हावे लागले, ते सांगितल्याशिवाय हे बोलणे पुरे होणार नाही.

जायखेड्याच्या अलीकडे एका फरशीशी उतरलो तो पुढे सगळा धूर. धुके असावे असे वाटले, पण वास पाचटाचा होता. रस्त्यालगत एक द्राक्षबाग आहे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील ती करतात. आम्ही सारे त्यांना आबा म्हणतो. बागेच्या कडेने ठिकठिकाणी ओला पालापाचोळा पेटवून ठेवलेला, आणि आबा व काकू दोघेही एका ढिगाशी उकिडवे बसलेले.

"इतली थंडीमा कथा चालनात सर?"

मी सवयीने म्हणालो, "काही नाही आबा. चक्कर मारायला."

"रिकामाच?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. नवल होते. पण मला तो शब्द लागला.

आमच्या कसमादे भागातली, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या तालुक्यांतली द्राक्षे अगाप असतात. इतर ठिकाणच्या बागांच्या आधी, भर पावसात छाटणी करायची, आणि बाजारात दुसऱ्यांचा माल येण्यापूर्वी आपला काढायचा. भाव चांगला, धोका त्याहून चांगला. डिसेंबरात मण्यांत पाणी उतरलेले असते, गोडी भरत असते. नेमकी त्याच वेळी थंडी आली की मण्याची साल तडकते. तडकलेला मणी सडतो आणि शेजारच्यांनाही सडवितो. म्हणून रात्रभर धूर करायचा, बागेवर पांघरुणासारखा तो राहावा म्हणून. पहाटे ठिबक सोडायचे, कारण विहिरीचे पाणी त्या वेळच्या हवेहून उबदार असते. याने किती राखले जाते ते आबाही छातीठोकपणे सांगत नाहीत. "पण घरात निजून राहवत नाही," म्हणतात.

मी त्यांना ओढ्याच्या गार हवेबद्दल सांगू लागलो, तसे ते हसले. "थंडी उतारानं येते, पाण्यासारखी. ती खालच्या ओळीत आधी बसती." मग हाताने जमीन दाखवीत म्हणाले, "चांगली माती बी उतारानंच येते ना सर. खोल काळी पाहूनच बाग लावली." चांगली माती आणि वाईट थंडी एकाच खळग्यात मुक्कामाला येतात, हे मला इतकी वर्षे फटफटीवर गुडघे गारठवूनही सुचले नव्हते.

तोवर ऊन झाडांच्या शेंड्यांवरून खाली आले. त्या दिवसापुरता धोका टळला होता. काकूंनी कोरा चहा दिला. आबा माझ्या गाडीकडे पाहत होते. म्हणाले, "मागं काही न बांधता गाडीवर बसून मला किती वरसं झाली असतील?" काकू म्हणाल्या, "मग जा की सरांबरोबर. चार रात्री खाट पाहिली नाही तुम्ही. ऊन झालं, मी आहे इथं."

आबा घोंगडी पांघरून मागे बसले. त्यांच्या डोक्याला हेल्मेटऐवजी मफलर होता, हा अपराध मी नभोवाणीवरून कबूल करतो. गाडी मी पस्तिसावर नेली नाही. वाटेत मी त्यांना ऊस, गहू, उन्हात वाळणारे दव दाखवावे असा माझा बेत होता. त्यांनी मला काहीच दाखवू दिले नाही. "हा धूर उशिरा पेटवला यानं." "ही बाग निघाली वाटतं, व्यापारी येऊन गेला." "अरे, यानं डाळिंब उपटलं!" वाटभर त्यांनी दुसऱ्यांच्या शेतांची हजेरी घेतली. माझ्या रिकाम्या फेरीतले एक पाऊलही रिकामे राहिले नाही.

ताहाराबादच्या अलीकडे मांगी-तुंगीची दोन सुळकी शिखरे समोर आली. त्यांवर पहिले ऊन असे बसलेले असते की मी दर वेळी गाडी उभी करतो. तशी केली. आबा उतरले, घोंगडी सैल केली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटले, आता बोलतील डोंगराविषयी. त्यांनी जांभई दिली.

येताना त्यांचे डोके हळूहळू माझ्या खांद्यावर टेकू लागले. मागे बसलेल्याने झोपणे फार धोक्याचे. मी गाडी थांबवून त्यांना जागे केले, टपरीवर आणखी एक चहा पाजला, आणि उरलेल्या वाटेत मोठमोठ्याने बोलत राहिलो. ते 'हां, हां' म्हणत राहिले.

बागेशी पोचलो तेव्हा धूर विरला होता. काकू खालच्या ओळींत घड उचलून उचलून पाहत होत्या. त्यांनी आमच्याकडे न पाहताच दोन बोटे वर केली. दोन ओळींत तडक होती. वरची बाग ठीक होती. आबांनी घोंगडी कुंपणावर टाकली, खिशातली शेवेची पुडी काकूंच्या हातावर ठेवली आणि तडकलेले मणी काढायला कात्री मागितली. मलाही एक द्या म्हणालो. ती मला धड चालवता येत नव्हती, तरी घरी जायला त्या दिवशी अकरा वाजले.