पैठणच्या गाड्यांपासून न्हावा शेवापर्यंत : नवनिर्यातदारासाठी काही व्यावहारिक विचार



परदेशी व्यापार हा आपल्या परिसराला नवखा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण व तेर या दोन्ही नगरांचा उल्लेख आहे. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तेरहून कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरी जात असे. भडोच ते पैठण ही वाट वीस दिवसांची होती. आज छत्रपती संभाजीनगरहून न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर आहे. मात्र वाटेत माल बिघडला तर नुकसान कोणाचे, हा प्रश्न तेव्हाइतकाच आजही व्यापाऱ्यापुढे उभा आहे.

आरंभीच्या औपचारिकता फारशा कठीण नाहीत. परकीय व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात संकेतांक घ्यावा लागतो. वस्तू व सेवा कर न भरता माल पाठवावयाचा असल्यास हमीपत्र दाखल करावे लागते. सीमाशुल्काचे काम जाणता कस्टम ब्रोकर पार पाडतो. नवा उद्योजक अडखळतो तो भाव सांगताना.

वाळूजचा एखादा लघुउद्योजक यंत्रांचे सुटे भाग हॅम्बुर्गला पाठवीत आहे असे समजू. त्याने ‘एफओबी न्हावा शेवा’ असा भाव दिला, तर माल जहाजावर चढेपर्यंतची जोखीम त्याची. घाटात ट्रक उलटला अथवा बंदराच्या आवारात कंटेनरला धक्का बसला, तर तो तोटा त्याच्याच पदरी पडतो. ‘सीआयएफ हॅम्बुर्ग’ म्हटल्यास समुद्रभाडे व विमा विक्रेता भरतो. परंतु जोखीम मात्र न्हावा शेवालाच, माल जहाजावर चढताच, खरेदीदाराकडे जाते. हा भेद पुष्कळ जाणत्यांच्याही ध्यानात नसतो. कंटेनरच्या मालासाठी ‘एफसीए’ ही अट अधिक सयुक्तिक होय, कारण तीत ठरलेल्या ठिकाणी वाहतूकदाराच्या ताब्यात माल देताच विक्रेता मोकळा होतो. अटीपुढे ठिकाणाचे नाव आणि ‘इन्कोटर्म्स २०२०’ हे शब्द करारात लिहिलेले असावेत. दूरध्वनीवरील तोंडी समजुतीवर विसंबणे इष्ट नाही.

भाड्याचा हिशेबही नवख्यास चकवतो. हिमरू शालींचे खोके ६० सेंमी लांब, ४० सेंमी रुंद व ४० सेंमी उंच आहे आणि वजन ९ किलो आहे असे धरू. विमानवाहतुकीत साधारणपणे घनफळास ६,००० ने भागतात. ९६,००० घन सेंमीचे १६ किलो होतात, आणि भाडे त्या १६ किलोंवर आकारले जाते. हेच खोके ३० सेंमी उंचीचे केले तर १२ किलोंचे भाडे पडते. समुद्रमार्गे सुटा माल पाठवितानाही घनमीटर वा टन यांपैकी जे अधिक भरेल त्यावर आकारणी होते. भाव सांगण्याआधी खोक्याला टेप लावावी ती यासाठी.

विम्याचा खर्च वाचविण्याचा मोह अनेकांस होतो. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकले. त्यानंतर मालकांनी ‘जनरल ॲव्हरेज’ जाहीर केले. सागरी व्यापाराच्या या जुन्या नियमानुसार जहाज वाचविण्याच्या असाधारण खर्चात मालधन्यांनाही वाटा उचलावा लागतो, मग त्यांचा माल सुरक्षित का असेना! विमा असेल तर हा वाटा विमा कंपनी पाहते. नसेल तर अनामत वा हमी दिल्याविना कंटेनर सुटत नाही. शिवाय एफओबीने विकणाऱ्याने कारखाना ते जहाज या टप्प्याचा विमा स्वतः उतरवावयाचा असतो, कारण खरेदीदाराचा विमा बहुधा त्यापुढे सुरू होतो.

आता पैशाविषयी. जहाज कंपनी देते ते ‘बिल ऑफ लेडिंग’ ही केवळ पावती नव्हे. ‘टू ऑर्डर’ स्वरूपाचे असल्यास ते मालावरील हक्काचे पत्र असते. त्याच्या मूळ प्रती बँकेमार्फत पाठविल्या, तर खरेदीदाराने रक्कम दिल्यावर अथवा हुंडी स्वीकारल्यावरच त्या त्याच्या हाती पडतात. ओळखीच्या भरवशावर त्या थेट कुरिअरने धाडल्या, की माल गेला आणि वसुली उरली. ‘लेटर ऑफ क्रेडिट’ असल्यास बँक माल पाहत नाही, कागद पाहते. मालाच्या वर्णनातील तफावतही देयक अडवू शकते. खरेदीदार बुडाल्यास होणाऱ्या तोट्यासाठी ‘ईसीजीसी’ या सरकारी कंपनीचे पतविमा संरक्षण घेता येते. हे संरक्षण मालाच्या विम्याहून वेगळे आहे.

विमानाने जाणाऱ्या मालाची गोष्ट मात्र निराळी. ‘एअर वेबिल’ हे हक्काचे पत्र नाही. त्यावर ज्याचे नाव, त्यास माल मिळतो, पैसे दिलेले असोत वा नसोत. म्हणून नव्या ग्राहकाकडून रक्कम आगाऊ घ्यावी, किंवा त्या देशातील बँकेची पूर्वसंमती घेऊन माल तिच्या नावे पाठवावा.