घरचा साबण आणि ओटाचे पीठ



आपल्या अनेक भगिनी आता घरी साबण करतात. त्यांच्यात एक प्रश्न हमखास निघतो : साबणात ओटाचे पीठ घातले, तर अंगाची खाज जाते म्हणतात, ते खरे का? याचे उत्तर अर्धे हो, अर्धे नाही, असे आहे.

ओट म्हणजे काही परके धान्य नव्हे. आपल्याकडे रब्बीत गुरांच्या चाऱ्यासाठी ते पेरतात. त्याच्या दाण्यांचे वस्त्रगाळ पीठ पाण्यात कालवून अंगाला लावले, तर कोरड्या कातडीला आराम पडतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ साली या बारीक पिठाला त्वचारक्षक म्हणून मान्यता दिली. आपल्या डाळीच्या पिठाच्या उटण्यासारखेच हे समजा ना!

पण साबण अंगावर राहतो किती वेळ? फेस केला, पाणी ओतले, की गेला वाहून. पिठाचा गुणही त्याच्याबरोबर गेला. म्हणून खरा उपयोग हवा असेल, तर मूठभर पीठ पातळ फडक्यात बांधावे, ती पुरचुंडी कोमट पाण्यात पिळावी आणि त्या पाण्याने अंग धुवावे. खाज हटली नाही, तर मात्र डॉक्टर गाठावा. साबण हे औषध नव्हे.

तरीही साबणात घालायचे, तर थोडे आणि बारीक. ५०० ग्रॅम खोबरेल तेलाला ८० ग्रॅम शुद्ध कॉस्टिक सोडा आणि १९० ग्रॅम पाणी घ्यावे. तिन्ही तराजूवर तोलावे. इथे अंदाजपंचे चालत नाही. सोडा पाण्यात टाकावा, पाणी सोड्यावर कधीही ओतू नये. ते उसळून अंगावर येते. भांडे स्टीलचे असावे. ॲल्युमिनियम मुळीच नको. सोडा ते खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. हातमोजे, चष्मा हवेतच, आणि पोरेबाळे लांब. सोडा डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. उडालाच, तर लगेच भरपूर पाण्याने वीस मिनिटे डोळा धुवावा आणि तडक दवाखाना गाठावा.

सोड्याचे पाणी आणि तेल दोन्ही कोमट झाली, की एकत्र करून ढवळावी. मिश्रण पळीवाढे झाले, की सपाट एक मोठा चमचा पीठ थोड्या तेलात कालवून घालावे. जास्त घातले तर गुठळ्या होतात आणि वडी मऊ पडते. जाडेभरडे घातले तर अंगाला खरचटते. तान्ह्या बाळाला तर तो साबण नकोच. मग लहान साच्यांत ओतावे. वड्या वाऱ्यावर चार ते सहा आठवडे सुकल्यावरच वापराव्यात.

गुरुजी, एक प्रयोग वर्गात करून दाखवा. मुलांच्या हाती सोडा मात्र देऊ नका. दोन पेल्यांत पाणी घ्या. एकात वस्त्रगाळ ओटाचे पीठ चमचाभर घाला, दुसऱ्यात जाडे. ढवळून पाच मिनिटे थांबा. पहिले पाणी दुधाळ राहील, दुसऱ्यात चोथा तळाशी बसेल. बारीक आणि जाडे यांतला फरक मुलांना डोळ्यांनी दिसेल.

थोडक्यात, साबणाचा गुण तेलाच्या आणि सोड्याच्या मापात असतो. पीठ हा पाहुणा. पाहुण्याचा मान ठेवावा, पण घर त्याच्या भरवशावर सोडू नये.