हे महाभारतात कुठे आहे?

(वाचक संमेलन, कोल्हापूर : स्वागताध्यक्षीय भाषण)





पुराणकथांवरच्या आणि अद्भुतरम्य प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्यांचे संमेलन कोल्हापुरातच का, असे काहींनी विचारले. त्याला एक कारण आहे. भृगू ऋषींनी विष्णूच्या छातीवर लाथ मारली आणि विष्णूने उलट त्यांचेच पाय चेपले. त्या छातीवर जिचा वास, ती लक्ष्मी रागावली आणि थेट करवीरला, म्हणजे या कोल्हापुरात, निघून आली, असे तिरुपतीचे माहात्म्य सांगते. आजही नवरात्रात तिरुपतीहून इथल्या अंबाबाईला शालू येतो. अंबाबाई विष्णुपत्नी आहे की नाही, यावर अभ्यासकांचे एकमत नाही, पण म्हणून शालू यायचा थांबलेला नाही. नवराबायकोच्या रुसव्याची कथा ज्या गावाने अशी जपली, तिथे या विषयाला परके कोण म्हणेल?

दुसरे कारण पुस्तकांचे. ‘ययाति’चे लेखक वि. स. खांडेकर शिरोड्याची शाळा सोडून इथे आले आणि कोल्हापूरचेच झाले. 1959 साली आलेल्या त्याच कादंबरीसाठी त्यांना 1974 चे ज्ञानपीठ मिळाले. मराठीला मिळालेले ते पहिले ज्ञानपीठ. ‘मृत्युंजय’चे शिवाजी सावंत आजऱ्याचे, ‘राधेय’चे रणजित देसाई कोवाडचे. एकाच जिल्ह्याने मराठी वाचकाला दोन कर्ण दिले!

मी स्वतः लेखिका नाही आणि समीक्षकही नाही. माझी नोकरी ग्रंथालयाच्या देवघेव विभागात झाली. पुस्तक परत करताना वाचक जे बोलतो ते परीक्षणात छापून येत नाही. कुणी ‘मृत्युंजय’ टेबलावर ठेवून नुसतेच म्हणायचे, “कर्णावर फार अन्याय झाला हो.” कुणी तावातावाने विचारायचे, “ही भानगड महाभारतात कुठे आहे?” काही जण तोंडाने बोलत नसत, समासात पेन्सिलीने लिहीत. पुस्तकात खुणा करू नयेत ही पाटी समोर असतानाही ‘खोटे!’ असा शेरा, आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘तुम्ही व्यासांना भेटला होता काय?’ असा जबाब मी खोडरबराने पुसलेला आहे. पुसायला जिवावर यायचे.

आजच्या संमेलनात हाच प्रश्न पुन्हापुन्हा येणार, म्हणून आरंभीच त्याच्याकडे जरा नीट पाहू या. हे महाभारतात कुठे आहे? पण कोणत्या महाभारतात? पुण्याच्या भांडारकर संस्थेत 1919 ते 1966 अशी सत्तेचाळीस वर्षे विद्वानांनी शेकडो हस्तलिखिते ताडून चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. स्वयंवरात द्रौपदी कर्णाला उद्देशून “मी सूताला वरणार नाही” असे म्हणते, हा प्रसंग आपल्याला तोंडपाठ असतो. कर्णावरच्या अन्यायाची यादी त्याशिवाय पुरी होत नाही. चिकित्सक आवृत्तीने तो मुख्य संहितेत ठेवलेला नाही, तळटिपेत टाकला आहे. आणि कर्णाची बायको वृषाली घराघरांत पोचली ती व्यासांमुळे नव्हे, ‘मृत्युंजय’मुळे. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणतो त्यातही नंतरचे मिसळलेले असते, आणि कालची कादंबरी आज मूळ होऊन बसते.

प्रेमाच्या बाबतीत तर हे फार पूर्वीपासून चालत आले आहे. भागवतात राधेचे नाव नाही. ते आहे आपल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासप्तशतीत. तिथे कृष्ण राधेची गोधूळ फुंकरीने उडवतो, आणि त्यामुळे बाकीच्या गोपींचा तोरा उतरतो. सोळाव्या शतकात एकनाथांनी ‘रुक्मिणीस्वयंवर’ लिहिले. स्वतः पत्र धाडून प्रियकराला बोलावणाऱ्या, भावाच्या मर्जीविरुद्ध पळून जाऊन लग्न करणाऱ्या मुलीची ती कथा. आपण काय केले? उपवर मुलींना, चांगले स्थळ मिळावे म्हणून तिचे पारायण करायला बसवले! वडीलधाऱ्यांनी पोथी नीट वाचली असती तर मुलीच्या हाती दिली असती का, अशी मला शंका आहे.

शाहीर विठ्ठल उमप यांनी गाजवलेले ‘जांभूळ आख्यान’ तर त्याही पुढे जाते. कर्णाला पाहून द्रौपदीच्या मनात येते की हाही सहावा असता तर! कृष्ण ते ओळखतो आणि कसोटी लावतो. देठापासून तुटलेले जांभूळ पुन्हा झाडाला लागायचे, तर प्रत्येकाने मनातले खरे बोलायला हवे. द्रौपदीला पाच नवऱ्यांसमोर ते बोलावे लागते. हे व्यासांनी लिहिलेले नाही. पण ऐकणाऱ्या बायाबापड्यांनी कधी शाहिराला पुरावा मागितल्याचे मी ऐकलेले नाही.

मग पुराणकथेत कुणी काहीही घालावे का? नाही. माझे मत एवढेच आहे की नवे प्रेम जरूर घाला, जुना हिशेब मात्र पुसू नका. ‘जांभूळ आख्याना’त द्रौपदीची ओढ आहे, आणि ती कबूल करण्याची लाजही आहे. ‘ययाति’त राजाला आपली बाजू मांडायला मिळते, पण देवयानी आणि शर्मिष्ठाही आपापल्या तोंडाने बोलतात. त्यामुळे त्याच्या विलासाची किंमत कोण मोजते आहे, ते झाकले जात नाही. कर्णावरची कोणतीही कादंबरी हातात घेतलीत की मी सांगेन, आधी सभापर्व उघडा. भर सभेत द्रौपदीला कुलटा म्हणणारा आणि तिची वस्त्रे काढ असे दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे. लेखक तिथे थांबतो, की घाईघाईने पुढे निघतो, की त्या बोलण्यालाही विफल प्रेमाचे नाव देऊन मोकळा होतो? कादंबरीची परीक्षा तिथे होते. विफल प्रेम हे दुःख आहे, माफीपत्र नव्हे.

ज्या 1967 साली ‘मृत्युंजय’ आली, त्याच वर्षी इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ही आले. एका पुस्तकाने वाचकाचे डोळे ओले केले, दुसऱ्याने कोरडे ठेवून उघडायला लावले. ‘युगान्त’ मुद्दाम आठवते ती एका गोष्टीसाठी. चिकित्सक आवृत्तीच्या आधाराने कठोरपणे लिहिणाऱ्या इरावतीबाईंनाही द्रौपदीच्या अखेरच्या क्षणी राहवले नाही. भीमाची माया तिला उमगते, तो प्रसंग त्यांनी आपल्या मनाने रचला. मात्र त्याआधी वाचकाला स्पष्ट सांगितले की इथवरचे संहितेतले, इथून पुढचे माझे. मूळ आणि भर यांच्यामध्ये अशी रेघ ओढून दिली, की मग वाचक कल्पनेमागून कुठेही जायला तयार असतो.

आता पुढच्या रांगांत बसलेल्या तरुण मंडळींकडे वळते. तुमच्या पिशव्यांत सारा जे. मास आहे, रिबेका यारोसचे ड्रॅगन आहेत, आणि ‘ओडिसी’तल्या जादूगारणीला आख्खे आयुष्य देणारी मॅडलिन मिलरची ‘सर्सी’ आहे. ते पाहून आमच्या वयाचे लोक नाक मुरडतात. त्यांना मला 1868 सालची ‘मंजुघोषा’ दाखवायची आहे. नारो सदाशिव रिसबूड यांनी त्या कादंबरीच्या प्रस्तावनेत आपली अडचण सांगितली आहे. आमच्या लोकांची लग्नाची रीतच अशी, की रोजच्या जगण्यावर लिहायला गेले तर रंजक असे काही हाती लागत नाही, म्हणून अद्भुताचा आश्रय घ्यावा लागतो, असा तिचा आशय. ज्या घरात कळत्या वयाआधीच लग्न व्हायचे, त्या घरात प्रेमकथेला जागा नव्हती. ती राजवाड्यात आणि अरण्यात गेली. पुढे हरिभाऊ आपट्यांनी कादंबरीला मध्यमवर्गीय माजघरात आणले, आणि अद्भुताला आपण बाळबोध ठरवून टाकले.

दीडशे वर्षांनंतर तुम्ही पुन्हा त्या अरण्यात का निघाला आहात? माझा तर्क सांगते. ड्रॅगनच्या राज्यात युद्धे होतात, शाप असतात, पण तिथे कुणी पत्रिका जुळवत नाही आणि पोटजात विचारत नाही. तर्क चुकीचा असेल तर दुपारच्या सत्रात मला खोडून काढा. मात्र कर्णाला लावलेली कसोटी तुमच्या नायकांनाही लावा. नायिकेला डांबून ठेवणारा, तिच्यावर हुकूम गाजवणारा राजपुत्र, केवळ त्याचे बालपण दुःखात गेले म्हणून दोनशेव्या पानावर निर्दोष ठरत असेल, तर समासात पेन्सिल चालवायला हरकत नाही. पुस्तक स्वतःचे असेल तर!

व्यासपीठावरील मान्यवरांना एक विनंती. वाचक रागावला तर त्याला अडाणी समजू नका. ‘हे कुठे आहे?’ असे तो विचारतो, कारण ती माणसे त्याच्या घरची आहेत. आणि वाचकांनाही तितकीच विनंती, की तो प्रश्न जरूर विचारा, पण पुस्तक पुरते वाचून. मुखपृष्ठ पाहून किंवा कुणी सांगितले म्हणून भावना दुखावून घेऊ नका.

दुपारी तांबडा-पांढरा रस्सा आहे, शाकाहारी मंडळींची पंगत वेगळी आहे. पुस्तकांची दालने रात्री नऊपर्यंत उघडी राहतील. सत्रांत प्रश्नांसाठी भाषणांइतकाच वेळ राखून ठेवला आहे, तेव्हा वक्त्यांनी घड्याळ पाळावे, नाहीतर मी चिठ्ठी पाठवीन.

उद्घाटकांना दीपप्रज्वलनासाठी पाचारण करते.