सरपटणाऱ्या प्राण्यांचा छंद

रंगीत माशांची कांचपेटी किंवा पोपटाचा पिंजरा पुष्कळ घरांत आढळतो. परंतु पाल, सरडा, साप किंवा कासव यांचें पालन व निरीक्षण हाहि सुसंस्कृत माणसाचा छंद होऊं शकतो, असें म्हटलें कीं ऐकणाराच्या अंगावर शहारे येतात. पाल चुकचुकली कीं अशुभाची शंका घ्यावयाची, ती अंगावर पडली कीं पंचांग उघडून फळ पाहावयाचें, आणि साप दिसला कीं काठी शोधावयाची, एवढाच आपला या प्राण्यांशीं परंपरागत संबंध. वर्षांतून एकदां नागाची पूजा होते खरी. परंतु त्या दिवशीं पुढें केलेलें दूध हें नागाचें अन्नच नव्हे. तहानेनें व्याकुळ केलेला नाग तें पितो आणि आजारी पडतो. द्वेषापोटीं मारलेल्या प्राण्यांइतकेच प्रेमापोटीं मारलेले प्राणीहि या जगांत कमी नाहींत, आणि या छंदाचा विचार करतांना हीच गोष्ट प्रथम ध्यानांत ठेवावी लागते.

गेल्या कांहीं दशकांत युरोप-अमेरिकेंतील असंख्य घरांत हा छंद रुजला असून, त्यांत विशेष लोकप्रिय आहे ती लेपर्ड गेको नांवाची पाल. अफगाणिस्तान, पाकिस्तान व लगतचा खडकाळ, कोरडा प्रदेश हें तिचें मूळ वसतिस्थान. अंगावर बिबळ्यासारखे ठिपके, चरबी सांठवणारी जाड शेंपटी, आणि आपल्या घरांतील पालीला नसलेल्या उघडझांप करणाऱ्या पापण्या, हीं तिचीं लक्षणें. बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसल्यामुळें ती कांचेवर चढत नाहीं. कित्येक पिढ्या ती माणसाच्या देखरेखीखालीं वाढत आली आहे. तेव्हां बाजारांतल्या बहुतेक पाली घरींच जन्मलेल्या असतात, त्यांसाठीं रान लुटावें लागत नाहीं. चांगली निगा राखल्यास ती १५ ते २० वर्षें जगते. लहान मुलाला वाढदिवसाची भेट म्हणून आणलेली ही पाल त्याचें शिक्षण पुरें होऊन तो नोकरीला लागेपर्यंत जिवंत राहूं शकते, हें भेट देणाराला बहुधा कोणी सांगत नाहीं.

या प्राण्यांना ‘थंड रक्ताचे’ म्हणतात, परंतु हा शब्द फसवा आहे. उन्हांत शेकत बसलेल्या सरड्याचें रक्त चांगलेंच ऊन असतें. भेद इतकाच कीं, माणूस अन्न जाळून शरीरांत ऊब निर्माण करतो, तर सरपटणारा प्राणी ती बाहेरून उसनी घेतो. म्हणून त्याच्या पेटीचें एक टोंक उबदार व दुसरें शीतल ठेवावें लागतें. कोठें बसावयाचें हें तो स्वतःच ठरवतो. ऊब न मिळाल्यास खाल्लेलें अन्न पचत नाहीं, पोटांतच कुजूं लागतें. दिवसा वावरणाऱ्या कासवांना व सरड्यांना उन्हांतील जंबुपार किरणांचीहि गरज असते. या किरणांच्या योगानें शरीरांत ड जीवनसत्त्व तयार होतें व अन्नांतला चुना हाडांत जिरतो. साधी खिडकीची कांच नेमके हे किरण अडवते. त्यामुळें कांचेआडच्या उन्हांत वाढलेल्या कासवाची ढाल मऊ व वेडीवांकडी होते, आणि धनी मात्र आपण त्याला रोज ऊन दाखवतों म्हणून समाधानांत असतो.

प्रजननाचा भाग तर याहूनहि मनोरंजक आहे. लेपर्ड गेकोची मादी एका खेपेस बहुधा दोन अंडीं घालते व पुढें त्यांच्याकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. कोंबडी आपलीं अंडीं वरचेवर फिरवते. परंतु सरपटणाऱ्या प्राण्याचें अंडें उचलतांना उलटलें, तर कवचाच्या वरच्या अंगाला चिकटलेला गर्भ दगावण्याचा संभव असतो. म्हणून जाणता पालक अंड्याच्या वरच्या बाजूस पेन्सिलीनें हलकी खूण करतो आणि त्याच स्थितींत तें ओलसर भुशांत ठेवतो. पिल्लूं नर होणार कीं मादी, हेंहि येथें उष्णमान ठरवतें. सुमारें २६ अंश सेंटिग्रेडवर उबवलेल्या अंड्यांतून जवळजवळ सर्व माद्या निघतात. ३२-३३ अंशांवर बहुतांशी नर. आणि पारा ३४-३५ अंशांवर गेला तर पुन्हां बहुतेक माद्याच. हा चमत्कार प्रथम नजरेस आणला तो माद्लेन शार्निए या फ्रेंच विदुषीनें, १९६६ सालीं, सेनेगलमधील डाकार येथें सरड्यांचीं अंडीं उबवतांना. पुढें चेन्नईजवळ १९७६ सालीं स्थापन झालेल्या मगरींच्या प्रजनन-केंद्रांतहि आपल्या गोड्या पाण्यांतील मगरीविषयीं असेंच आढळून आलें. तेथें ३१ अंशांपर्यंत माद्या, तर ३२.५ अंशांच्या सुमारास नर जन्मले. दीड अंशाचा फरक, आणि घरट्याचें सारें भवितव्य पालटतें!

परंतु अंडीं उबवतां येतात म्हणून तीं उबवावींतच असें नाहीं. प्रत्येक पिल्लाला पुढें पंधरा वर्षांचें घर लागणार, त्याची तजवीज आधीं हवी. शिवाय नव्या रंगाच्या हव्यासानें कांहीं वाण असे निपजले आहेत कीं, त्यांचें सौंदर्य हीच त्यांची व्याधि झाली आहे. लेपर्ड गेकोच्या ‘एनिग्मा’ नामक वाणांतील पुष्कळ पाली मान वांकडी करून स्वतःभोंवतीं गरगर फिरत राहतात, कित्येकांना समोरचा किडाहि धड पकडतां येत नाहीं. असा वाण जाणूनबुजून वाढवणें याला छंद म्हणावें कीं क्रौर्य, याचा निर्णय प्रत्येकानें स्वतःशीं करावा.

आपल्याकडे या छंदाला कायद्याची मर्यादा आहे, आणि ती योग्यच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें नाग, घोरपड, अजगर यांस पकडण्यास व बाळगण्यास बंदी घातली आहे. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलें स्टार कासव शुभ म्हणून चोरून विकलें जातें; परंतु तेंहि संरक्षित असून, २०१९ सालीं त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारहि बंद करण्यांत आला. गवतपाल्यावर जगणाऱ्या या प्राण्याला पाव व दूध घालून घराची भरभराट कशी व्हावी? आंतरराष्ट्रीय कराराच्या यादींतील परदेशी जातींची सरकारदरबारीं नोंद करणें २०२२ च्या दुरुस्तीनें व २०२४ च्या नियमांनीं आवश्यक झालें आहे. आणि कंटाळा आला म्हणून असा प्राणी तळ्यांत सोडणें हें तर दुहेरी पाप होय. रुपयाएवढें म्हणून घेतलेलें लाल कानशिलाचें अमेरिकन कासव वाढून ताटलीएवढें होतें आणि सोडल्यावर देशी कासवांचें अन्न व जागा बळकावतें. फ्लोरिडाच्या दलदलींत मोकळे झालेले ब्रह्मी अजगर इतके माजले कीं, २०१२ सालीं अमेरिकेला त्यांच्या आयातीवर बंदी घालावी लागली.

मग मराठी गृहस्थानें काय करावें? त्याला पेटीची, दिव्याची किंवा परवान्याची जरूर नाहीं. दिव्याजवळच्या भिंतीवर रोज सायंकाळीं येणारी पाल हाच त्याचा पहिला पाठ. ती जिभेनें डोळा पुसते. तिच्या पायांवरील असंख्य सूक्ष्म केंस अणुरेणूंच्या आकर्षणानें भिंतीला धरून ठेवतात, डिंकानें नव्हे, हें २००२ सालीं प्रयोगांनीं सिद्ध झालें. बागेंतला सरडा हा दुसरा पाठ. विणीच्या हंगामांत नराचें डोकें व गळा लालभडक होतो, आणि तो जोर काढल्यासारखा अंग वरखालीं करून शेजाऱ्याला हद्दीबाहेर ठेवतो. सरड्याची धांव कुंपणापर्यंत, या म्हणींत उपहास असला तरी निरीक्षणहि आहे. वहींत तारीख, वेळ, हवा आणि पाहिलेली गोष्ट एवढी टिपली तरी वर्षभरांत मुलांच्या हातीं एक छोटेंसें प्राणिशास्त्र तयार होईल. कोंकणांतील वेळास येथें २००२ सालापासून सागरी कासवांच्या घरट्यांचें रक्षण होत आहे. हंगामांत तेथें जाऊन वाळूंतून निघून समुद्राकडे धांवणारीं पिल्लें पाहतां येतात.

पाळलेल्या प्राण्याला हात लावल्यावर साबणानें हात धुवावे. या प्राण्यांच्या अंगावर विषमज्वराच्या जातीचे जंतु असूं शकतात. हा नियम जसा शरीराचा, तसा मनाचाहि एक नियम आहे. ज्या प्राण्याची भूक, ऊब व आयुष्य यांची पुरती माहिती नाहीं, तो घरीं आणूं नये. कुत्रा भुंकून, मांजर ओरडून आपलें दुःख सांगते. पाल व कासव मुकाट्यानें झिजत जातात. त्यांचें मौन वाचावयास शिकणें, हेंच या छंदाचें खरें शिक्षण होय.