खारं पाणी, पण समुद्र नाही



लाहली हे नाव ऐकलंय? क्रिकेटवेड्यांनी नक्की ऐकलं असेल. दिल्लीहून रोहतक साधारण सत्तर किलोमीटर आणि रोहतकच्या थोडं पुढे हे गाव. ऑक्टोबर २०१३ मध्ये सचिन तेंडुलकर शेवटचा रणजी सामना तिथे खेळला. नाबाद ७९ धावा केल्या आणि मुंबई जिंकली. त्याच लाहलीत मुंबईचं आणखी एक घर आहे, पण तिथे कुणी टाळ्या वाजवायला जात नाही. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचं ते केंद्र. समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब, तिथे तळ्यात कोळंबी वाढवतात.

मी पेणकडचा, खारेपाटातला. आमच्याकडे खारं पाणी म्हणजे शत्रू. बांधाला खांड गेली आणि भरतीचं पाणी शेतात शिरलं, की भाताची आशा सोडायची. मत्स्यशास्त्र शिकून नोकरीसाठी मी इकडे आलो. रोहतकच्या बाजूला शेतांवर पांढरी खपली पाहिली आणि चक्रावलो. इथे भरती कुठून आली?

भरती खालून आली होती. हा भाग बशीसारखा खोलगट आहे, पाण्याला बाहेर जायला वाट नाही. जमिनीखालचं पाणी मुळातच खारं. कालवे आले तसं ते वर चढलं, उन्हाने उडून गेलं आणि मीठ मागे राहिलं. इथले लोक याला 'सेम' म्हणतात. आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या मंडळींना हे समजावून सांगायला नको. उसाला पाणी देऊन देऊन क्षारपड झालेल्या जमिनी त्यांनी पाहिल्यात. याच दुखण्यावर काम करायला कर्नालला १९६९ पासून केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था आहे.

आता माझी चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी रोहतक जिल्ह्यातल्या एका वयस्कर शेतकऱ्यांनी मला तळं पाहायला बोलावलं. सगळे त्यांना ताऊ म्हणत, मीही म्हणू लागलो. त्या जमिनीत गहू उगवत नव्हता, म्हणून कर्ज काढून तळं खोदलेलं. कूपनलिकेच्या पाण्याचा खारटपणा मी मोजला. लिटरला बारा ग्रॅम. वनामी कोळंबी याहून कमी खाऱ्या पाण्यातही जगते आणि समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यातही. मी म्हटलं, "ताऊ, बीज सोडा."

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. जाऊन पाहिलं तर काठाला मेलेल्या पिल्लांचा थर. ताऊ रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पानी तो खारा ही था ना, बेटा?"

पाणी खारंच होतं. पण ते समुद्राचं नव्हतं, आणि मी तेवढंच विसरलो होतो.

समुद्राचं पाणी जगात कुठूनही घ्या, त्यातल्या क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळजवळ सारखं असतं. जमिनीखालच्या खाऱ्या पाण्याचं तसं नाही. त्यात कॅल्शियम भरपूर असतं आणि पोटॅशियम फार कमी, कारण चिकणमाती पोटॅशियम धरून ठेवते. कोळंबीच्या कल्ल्यांमधल्या पेशी शरीरातल्या मिठाचा तोल सांभाळतात, आणि त्या यंत्रणेला पोटॅशियम लागतं. ते नसेल तर पाणी चवीला कितीही खारट असो, कोळंबी मरते. लिटरला बारा ग्रॅम खारटपणाच्या समुद्री पाण्यात साधारण १२८ मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. ताऊंच्या पाण्यातलं त्याच्या पासंगालाही पुरत नव्हतं. माझं यंत्र फक्त एकूण मीठ मोजत होतं.

हे कोडं एकट्या हरियाणाचं नव्हतं. अमेरिकेत अलाबामा राज्याच्या पश्चिम भागात शेतकरी विहिरींच्या खाऱ्या पाण्यात कोळंबी करत होते. ऑबर्न विद्यापीठात क्लॉड बॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे पोटॅशियम आणि मॅग्नेशियमच्या कमतरतेवर काम केलं. पश्चिम ऑस्ट्रेलियात गव्हाच्या पट्ट्यात झाडं तोडल्यावर खारं पाणी वर आलं. तिथल्या संशोधकांनाही पोटॅशियमचीच उणीव सापडली. लाहलीच्या केंद्राने आपल्या मातीत, आपल्या पाण्यात हे काम केलं. तिन्हीकडे उपाय एकच निघाला, आणि तो तुमच्या ओळखीचा आहे. केळीला, उसाला घालतो तो म्युरेट ऑफ पोटॅश.

हिशेब सोपा आहे. एक एकराचं, दीड मीटर खोल तळं म्हणजे सुमारे सहा हजार घनमीटर पाणी. लिटरमागे ५० मिलिग्रॅम पोटॅशियम वाढवायचं तर साधारण ६०० किलो खत लागतं, म्हणजे बारा पोती. पण एकदा टाकून भागत नाही. तळाची माती ते पुन्हा शोषून घेते. म्हणून सतत तपासायचं, सतत भर घालायची. तळ्याला प्लास्टिकचं अस्तर असेल तर ही गळती कमी होते.

पुढच्या एप्रिलमध्ये ताऊंनी पुन्हा बीज आणलं. या वेळी पाणी आधी प्रयोगशाळेत गेलं, आणि बीज आधी बादलीत, त्याच पाण्यात, दोन दिवस ठेवलं. मग तळ्यात. थंडी पडायच्या आत माल काढावा लागतो, म्हणून इथे वर्षाला एकच पीक. ते आलं. कर्ज सगळं फिटलं नाही, पण हप्ता गेला.

इथे टाळ्यांची घाई करू नका. गोष्ट अजून अर्धीच झाली आहे.

थायलंडमध्ये १९९० च्या दशकात शेतकऱ्यांनी टँकरने खारं पाणी आणून भाताच्या गोड्या जमिनीत कोळंबी केली. पैसा आला, पण शेजारच्या शेतात मीठ गेलं. १९९८ मध्ये सरकारला गोड्या पाण्याच्या भागात त्यावर बंदी घालावी लागली. धंदा कोळंबीचाच होता. फरक एवढाच, की तिथे मीठ बाहेरून आणलं आणि हरियाणात ते आधीपासून आहे. पण तळं रिकामं करताना ते पाणी नाल्यात सोडलं, तर आपणही थायलंडच.

केंद्र सरकारच्या २०२५ च्या माहितीनुसार हरियाणा, पंजाब, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात अशा मत्स्यशेतीसाठी सुमारे ५८,००० हेक्टर खारी जमीन हेरली आहे, आणि वापरात आहे जेमतेम २,६०० हेक्टर. म्हणजे पुढचं बरंचसं अजून घडायचं आहे. ते नीट घडवायची वेळ आत्ताच आहे.

म्हणून शिरोळ-मिरजेकडून कुणी फोन केला, 'आमच्या क्षारपडीत कोळंबी होईल का?', तर मी हो किंवा नाही म्हणत नाही. दोन प्रश्न विचारतो. या पाण्यात नेमकं काय आहे आणि काय नाही, याचा प्रयोगशाळेचा कागद हातात आहे का? आणि पीक निघाल्यावर हे पाणी कुठे जाणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'ओढ्यात' असेल, तर पहिला विचारायचीसुद्धा गरज नाही.

मीटरवरचा आकडा बरोबर होता. मी तेवढ्यावर थांबलो, ते चुकलं. त्याची किंमत ताऊंनी मोजली. तुमच्याकडे कुणाला ती मोजावी लागू नये, म्हणून आज इथे उभा राहिलो.