हौदाला गळती नको

हौद हा शब्द मूळचा अरबी. पण मराठीने तो असा घरचा करून घेतला की आता त्याला परका म्हणवत नाही. मशिदीत वजूसाठी हौद, वाड्याच्या चौकात हौद, पुण्यात तर काळा हौद आणि बाहुलीचा हौद ही ठिकाणांचीच नावे. आज मी ज्या हौदांबद्दल बोलणार आहे, त्यांत मात्र कुणी हात बुडवणार नाही. ते आहेत कारखान्याच्या सांडपाण्याचे हौद.

मी बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. वरोऱ्याजवळच्या एका चालू कारखान्यात सांडपाणी शुद्धीकरणाचे नवे बांधकाम निघाले, तेव्हा कंत्राटदाराकडे मजुरांची हजेरी आणि सिमेंटचा हिशेब मी ठेवत असे. पोटासाठी धरलेले काम. पण तिथे मला पाण्याचा स्वभाव कळला.

आमची जमीन कपाशीची, काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते. अशा मातीवर हौद ठेवला तर वर्षा-दोन वर्षांत भिंत तडकलीच समजा. म्हणून काळी माती पार काढून खाली मुरूम लागेपर्यंत खणायचे आणि भिंतीच्या बाजूने भरणही मुरमाचेच करायचे, धुम्मस मारून. दुसरी गंमत अशी, की भरलेल्या हौदापेक्षा रिकामा हौद अधिक धोक्याचा. पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर चढते आणि रिकाम्या हौदाला नावेसारखे खालून उचलू पाहते. त्यासाठी तळ जाड आणि वजनदार ठेवतात, भोवतालच्या पाण्याला वाट काढून देतात आणि ऐन पावसात हौद उपसत नाहीत.

मे महिन्यात चंद्रपूरकडचा पारा 45 अंशांच्या वर जातो. त्या उन्हात काँक्रीट ओतले की ते तडकणार. म्हणून ओतकाम रात्री किंवा पहाटे, आणि पुढे कित्येक दिवस ओल्या गोणपाटाखाली त्याला पाणी पाजायचे.

खरी अडचण निराळीच. घर बांधताना माणूस दुसरीकडे राहायला जातो. चालू कारखान्याचे सांडपाणी कुठे जाणार? ते रात्रंदिवस येतच राहते. म्हणून जुनी व्यवस्था चालू ठेवून शेजारी नवी उभी करायची आणि शेवटी काही तासांच्या बंदमध्ये जोडणी करायची. तेवढ्या तासांचे पाणी मावेल असा साठवण हौद आधीच तयार हवा. तो नसला की ‘आजच्या रात्रीपुरते नाल्यात सोडा’ असे म्हणणारा कुणीतरी निघतोच.

आमची जोडणीची तारीख ठरली होती. हौद आधी साध्या पाण्याने भरून ठेवतात आणि सात दिवस पातळी मोजतात. उन्हाने किती पाणी उडाले ते कळावे म्हणून शेजारी पाण्याचे एक पिंपही भरून ठेवलेले असते. चौथ्या दिवशी बाहेरच्या भिंतीवर तळहाताएवढी ओल दिसली. कंत्राटदार म्हणाला, “वरून गिलावा मारा, मुरूम भरून घ्या.” मिस्त्री पन्नाशीचे, फारसे न शिकलेले. ते म्हणाले, “साहेब, बाहेरून लिपलं त पानी दिसनार नाही, पन थांबनार बी नाही.”

बरीच वादावादी झाली. शेवटी कारखान्याचे इंजिनीअर मिस्त्रींच्या बाजूने उभे राहिले. हौद उपसला, आतून सांधा फोडून पुन्हा भरला, पुन्हा सात दिवस मोजणी केली. तारीख टळली, कंत्राटदाराला दंड बसला आणि त्याने मिस्त्रींना पुढच्या कामावर घेतले नाही. हजेरीपटावरचे त्यांचे नाव मला खोडावे लागले. पण त्या भिंतीपलीकडे शेतांतल्या विहिरी होत्या, आणि त्यांचे पाणी माणसे पीत होती.

या हौदांत चालते ते तसे साधेच. आधी कमी-जास्त येणारे पाणी एकसारखे करायचे, मग गाळ खाली बसू द्यायचा, मग हवा देऊन जीवाणूंकडून घाण खाववायची. ही हवेची रीत मँचेस्टरमध्ये 1914 साली पुढे आली. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा 1969 मध्ये केला, केंद्राचा 1974 मध्ये आला. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यातली घाण प्राणवायूच्या मागणीवरून मोजतात, आणि ती लिटरला 30 मिलिग्रॅमच्या आत असावी असे नियम सांगतो. पण कागदावरचा हा आकडा शेवटी भिंतीच्या सांध्यावर उभा असतो.

एक गोष्ट कामगार बांधवांसाठी. अशा हौदात साचलेल्या गाळातून विषारी वायू निघतो. आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो, वायू वाढला की नाकच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका गेला असे मुळीच नाही. हवा तपासल्याशिवाय, वर माणूस आणि कमरेला दोर असल्याशिवाय कुणीही आत उतरू नये. कुणी आत पडला तर त्याच्यामागे तसेच उडी घेऊ नये. वाचवायला गेलेलेही असेच प्राणाला मुकतात.

आमच्या वरोऱ्याचे पाणी वर्धा नदीला मिळते. वर्धा पुढे वैनगंगेला भेटून प्राणहिता होते आणि गडचिरोलीच्या जंगलाकडेने जात सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते. त्या काठांवर जनावरे पाणी पितात, बाया हंडे भरतात. वरच्या अंगाला कुण्या मिस्त्रीने एक सांधा फोडून पुन्हा भरला होता, हे त्यांना कधी कळणार नाही. कळायची गरजही नाही. पाणी चांगले आले, एवढे पुरे.